दोन मोकळी माणसं: ख्रिस हॅरिस ज्युनिअर आणि डेन्व्हरचा बचाव

१२ जानेवारी २०१४, डेन्व्हर. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला बाद फेरीचा सामना, डेन्व्हर ब्रॉन्कोज विरुद्ध सॅन डिएगो चार्जर्स. तीन क्वार्टर संपले तेव्हा फलकावर डेन्व्हर १७, सॅन डिएगो ०. सॅन डिएगोचा फिलिप रिव्हर्ससारखा मुरलेला क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, पाऊण सामना एक गुणही काढू शकला नव्हता. मात्र तिसऱ्या क्वार्टरमध्येच डेन्व्हरचा २५ क्रमांकाचा कॉर्नरबॅक (समोरच्याचे झेल रोखणारा बचावपटू), ख्रिस हॅरिस ज्युनिअर, गुडघ्याच्या दुखापतीमुळे मैदानाबाहेर गेला होता.

त्याच्या जागी क्वेंटिन जॅमर आला. जॅमर हा २००२च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पाचव्या क्रमांकावर निवडला गेलेला, सॅन डिएगोकडूनच अकरा हंगाम खेळलेला अनुभवी खेळाडू. त्याचे पाय आता किती चालतात, तो कुठे कमी पडतो, हे रिव्हर्सइतकं दुसऱ्या कुठल्या क्वार्टरबॅकला ठाऊक असणार? रिव्हर्स त्याच बाजूला फेकू लागला. कीनन ॲलन या पदार्पणाच्या वर्षातल्या रिसीव्हरने, म्हणजे पास झेलणाऱ्याने, चौथ्या क्वार्टरमध्ये दोन टचडाउन केले, म्हणजे चेंडू दोनदा गोलरेषेपार नेला, आणि सामन्याअखेर त्याच्या नावावर ६ झेल, १४२ यार्ड लागले. एकट्या शेवटच्या क्वार्टरमध्ये सॅन डिएगोने १७ गुण काढले. डेन्व्हर २४–१७ असं जेमतेम सुटलं. पुढच्या तपासणीत हॅरिसच्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांध्याला पुढून धरून ठेवणारा अस्थिबंध, फाटल्याचं निघालं.

डेन्व्हरच्या बाजूने एकच माणूस बदलला होता. दहा जण तेच, प्रशिक्षक तेच, डावपेचांची वहीही तीच. तरीही बचावाचं रूप बदललं. हॅरिसच्या नावावर त्या संध्याकाळी असं काही नव्हतं जे दुसऱ्या दिवशीच्या आकड्यांच्या तक्त्यात उठून दिसावं. एखादा कॉर्नरबॅक संघासाठी नेमकं काय करतो, आणि ते मोजताना चूक कुठे होते, हे समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं प्रकरण सापडणं कठीण.

खेळापुरती ओळख

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक डाउन. चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिला जातो, तो स्नॅप. मग क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्याच्या हाती देतो किंवा पुढे पळत गेलेल्या रिसीव्हरकडे फेकतो. कॉर्नरबॅकचं मुख्य काम या रिसीव्हरला झेल घेऊ न देणं. ती फेक त्याने स्वतःच झेलली तर ते इंटरसेप्शन. कबड्डीतल्या कोपऱ्यावरच्या खेळाडूशी नावाचं साम्य आहे, पण कामाची दिशा उलटी आहे. कबड्डीतला कोपरा चढाईपटू जवळ येण्याची वाट बघतो, तर इथला कॉर्नर समोरच्या माणसामागे मैदानभर फिरतो आणि तो कुठे वळणार हे त्याला आधी माहीत नसतं.

कॉर्नरबॅक उभा राहतो त्या जागा दोन. एक बाहेरची, सीमारेषेजवळची. दुसरी आतली, म्हणजे बाहेरचा रिसीव्हर आणि मधली फळी यांच्यामधली. तिला स्लॉट म्हणतात. आक्रमण तीन रिसीव्हर घेऊन उतरलं की बचाव एक लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) काढतो आणि पाचवा मागचा बचावपटू आणतो. या रचनेचं नाव निकेल. एनएफएलमध्ये आता निम्म्याहून जास्त वेळ बचाव पाच किंवा अधिक मागच्या बचावपटूंनीच खेळतात. म्हणजे कागदावर 'पाचवा' दिसणारा हा माणूस प्रत्यक्षात पहिल्या अकरातलाच असतो. पगार ठरवणाऱ्यांना हे समजायला बरीच वर्षं लागली.

२५४ नावांत नसलेला

हॅरिस ओक्लाहोमा राज्यातल्या बिक्सबीचा. कॅन्सस विद्यापीठात २००७मध्ये तो पहिल्या वर्षाला होता, तेव्हा त्याच संघात अकीब तालिब होता. त्या हंगामात कॅन्ससने ऑरेंज बोल हा महाविद्यालयीन फुटबॉलमधला मानाचा सामना जिंकला आणि तालिब पुढच्या ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत उचलला गेला. हॅरिस मात्र मागे राहिला आणि त्याच्या शेवटच्या वर्षापर्यंत संघ खालावत गेला. २०१०मध्ये कॅन्ससने १२पैकी ३ सामने जिंकले. हरणाऱ्या संघातला, ५ फूट १० इंच उंचीचा, विलक्षण वेगासाठी नाव नसलेला कॉर्नर ड्राफ्टच्या यादीत कुठेच बसत नव्हता.

एप्रिल २०११च्या ड्राफ्टमध्ये २५४ खेळाडू निवडले गेले. डेन्व्हरने दुसऱ्याच क्रमांकावर व्हॉन मिलर घेतला. हॅरिसचं नाव शेवटपर्यंत आलं नाही. त्या वर्षी संघमालक आणि खेळाडू यांच्यात करारावरून टाळेबंदी होती. ती जुलैअखेर उठली आणि मगच न निवडलेल्या खेळाडूंना संघ शोधता आला. डेन्व्हरने त्याला २,००० डॉलर सही-रक्कम दिली. उन्हाळी सराव बुडालेला, डावपेच शिकायला जेमतेम काही आठवडे. अशा वेळी टिकतो तो डोक्याने जलद खेळाडू. हॅरिस टिकला, आणि त्याच हंगामात निकेलमध्ये उतरू लागला. चॅम्प बेली हा त्या पिढीतला श्रेष्ठ कॉर्नर त्याच्याच खोलीत, त्याच फिती पाहत बसलेला असे. या शिकवणीची किंमत करता येणार नाही.

आतली जागा अवघड का

मैदान ५३⅓ यार्ड रुंद असतं. बाहेरच्या कॉर्नरच्या एका हाताला सीमारेषा असते, आणि ती कधी चुकत नाही, दमत नाही. रिसीव्हर बाहेर वळला तर त्याच्यासमोर चार-पाच यार्ड जागा उरते. म्हणून बाहेरचा कॉर्नर आतली बाजू धरतो आणि उरलेलं रेषेवर सोपवतो.

स्लॉटमध्ये अशी भिंत नाही. रिसीव्हर डावीकडे जाऊ शकतो, उजवीकडे जाऊ शकतो, सरळ खोल जाऊ शकतो किंवा पाच यार्डांवर थबकून मागे वळू शकतो. त्यात क्वार्टरबॅकपासूनचं अंतर कमी, म्हणून चेंडू हवेत कमी वेळ असतो. अडीच सेकंदांत सगळं आटोपतं. बाहेर एक पाऊल मागे पडलेला कॉर्नर चेंडू हवेत असताना ते भरून काढू शकतो. आत तेवढी सवलत नाही.

उभं राहण्यापासूनच फरक पडतो. बाहेरचा कॉर्नर रिसीव्हरच्या तोंडासमोर रेषेवर उभा राहून पहिल्याच पावलाला त्याला हाताने रोखू शकतो. स्लॉटमधला रिसीव्हर सहसा रेषेपासून यार्डभर मागे असतो, अनेकदा स्नॅपआधीच आडवा सरकत असतो. त्याला तसं धरायला गेलं तर हात हवेत जातात आणि कॉर्नर तोल घालवतो. म्हणून बहुतेक स्नॅपना पाच ते सात यार्ड सोडून उभं राहायचं आणि तो अंगावर आला की पाच यार्डांच्या आत एकदाच, छातीवर, दोन्ही हातांनी ठोसा द्यायचा. त्या पाच यार्डांपुढे हात लावला तर दंड ५ यार्डांचा, पण खरा फटका त्यासोबत आक्रमणाला मिळणाऱ्या नव्या पहिल्या डाउनचा. तिसऱ्या डाउनला १२ यार्ड हवे असताना ही चूक झाली तर अख्ख्या बचावाची मेहनत वाया जाते.

कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे मदत कुठे आहे त्यावर ठरतं. मधल्या भागात लाइनबॅकर मोकळा असेल तर कॉर्नर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो आणि रिसीव्हरला आत, त्या मोकळ्या माणसाच्या तोंडात ढकलतो. मदत नसेल तर आतली बाजू धरावी लागते, कारण आतली फेक सर्वांत जवळची आणि सोपी. हा हिशेब स्नॅपआधी करायचा आणि रिसीव्हर सरकला की लगेच पुन्हा मांडायचा.

मग पाय आणि कंबर. मागे सरकताना पावलं आखूड, वजन पुढच्या चवड्यांवर, कंबर रिसीव्हरकडे सरळ. स्लॉटमधला सर्वांत घातक मार्ग म्हणजे पर्यायी मार्ग: रिसीव्हर सहा यार्ड येतो आणि कॉर्नरची कंबर जिकडे उघडली असेल त्याच्या उलट वळतो. क्वार्टरबॅकही तेच वाचत असतो. म्हणजे कॉर्नरने आधी कंबर फिरवली की प्रश्नाचं उत्तर त्यानेच देऊन टाकलं. हॅरिसचं असाधारण कसब इथे होतं. तो कंबर शेवटच्या क्षणापर्यंत बंद ठेवत असे. त्याची नजर रिसीव्हरच्या डोक्यावर किंवा खांद्यांवर नसे, कारण डोकं आणि खांदे फसवतात. ती कमरेवर असे. सरळ धावेत अनेक रिसीव्हर त्याला मागे टाकू शकत होते, पण आधी त्याला एका बाजूला पाडावं लागे आणि ते फार थोड्यांना जमलं. चाळीस यार्डांच्या शर्यतीचं घड्याळ या गुणाची नोंदच घेत नाही. ड्राफ्टमध्ये तो सुटला त्याचं एक कारण हेच असावं.

आतल्या जागेचा तिसरा त्रास गर्दीचा. दोन-तीन रिसीव्हर जवळजवळ उभे राहतात आणि एकमेकांना छेदून निघतात. एकाचा बचावपटू दुसऱ्याच्या अंगावर आपटतो आणि एक जण मोकळा सुटतो. उपाय दोन. शेजारच्या दोन बचावपटूंनी वेगवेगळ्या खोलीवर उभं राहायचं, एकाने पुढे आणि एकाने दोन-तीन यार्ड मागे, म्हणजे टक्कर टळते. किंवा स्नॅपआधीच ठरवायचं की पहिला बाहेर जाईल तो तुझा, पहिला आत येईल तो माझा. हे ठरवणारा आवाज सहसा स्लॉट कॉर्नरचा असतो. एकाने अदलाबदल धरली आणि दुसऱ्याने नाही, तर दोघे एकाच माणसामागे जातात आणि दुसऱ्या रिसीव्हरच्या वाट्याला रिकामं मैदान येतं. टीव्हीवर अशा वेळी जो मागून धावताना दिसतो त्याला दोष लागतो, आणि बऱ्याचदा चूक त्याची नसते.

शेवटी टॅकल, म्हणजे चेंडू घेतलेल्याला धरून पाडणं. लाइनबॅकर काढून कॉर्नर आणला आहे हे आक्रमणालाही दिसतं, म्हणून ते मुद्दाम त्याच्या दिशेने धावतात. सुमारे ९० किलोच्या माणसाला ११०-११५ किलोच्या टाइट एंडचा, म्हणजे अडवणाऱ्या आणि झेलही घेणाऱ्या धिप्पाड खेळाडूचा, धक्का सोसून कड धरून ठेवावी लागते. आखूड पास स्लॉटमधल्या रिसीव्हरला दिला आणि पुढे दोन अडवणारे असले तर कॉर्नरने अडवणाऱ्याच्या बाहेरच्या बाजूने घुसून धावणाऱ्याला आत वळवायचं, कारण आत बाकीचे येत असतात. तो स्वतःच आत घुसला तर चार यार्डांचा पास पंचवीस यार्डांचा होतो. अनेक नावाजलेले बाहेरचे कॉर्नर स्लॉटमध्ये अपयशी ठरतात ते पास अडवण्यात नव्हे, इथे. हॅरिस मांड्यांच्या उंचीवर, खांदा लावून, पाय चालू ठेवून टॅकल करायचा, आणि हे अंगावरचं काम त्याने कधी टाळलं नाही.

अकरा जणांचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. हॅरिसची किंमत त्याने अडवलेल्या पासांपेक्षा त्याच्यामुळे इतरांना काय करता आलं यात जास्त आहे, आणि ती बेरीज-वजाबाकीने दाखवता येते.

२०१५मध्ये डेन्व्हरच्या बचावाची सूत्रं वेड फिलिप्सकडे आली. त्याची निकेलमधली नेहमीची माणसं अशी: पुढे चौघे, व्हॉन मिलर, डिमार्कस वेअर, डेरेक वुल्फ, मलिक जॅक्सन. मध्ये दोन लाइनबॅकर, ब्रँडन मार्शल आणि डॅनी ट्रेव्हेथन. मागे पाच, कॉर्नर तालिब (एव्हाना तोही डेन्व्हरमध्ये होता), हॅरिस, ब्रॅडली रोबी आणि सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे राखणदार, टी. जे. वॉर्ड, डेरियन स्टुअर्ट. एकूण अकरा.

आक्रमणाच्या बाजूने पास झेलू शकणारे पाच: तीन रिसीव्हर, एक टाइट एंड, एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा). माणसागणिक माणूस लावला तर तीन कॉर्नर तीन रिसीव्हरांवर, वॉर्ड टाइट एंडवर, एक लाइनबॅकर रनिंग बॅकवर. पाच झाले. चौघे क्वार्टरबॅककडे धावतात. नऊ झाले. उरले दोन: स्टुअर्ट आणि दुसरा लाइनबॅकर. स्टुअर्ट मध्यभागी खोल उभा राहून लांब फेक राखतो. दुसरा लाइनबॅकर पूर्ण मोकळा. तो मध्ये थांबून आतल्या फेका अडवू शकतो किंवा पाचवा म्हणून क्वार्टरबॅकवर तुटून पडू शकतो.

आता समजा स्लॉटमधला कॉर्नर एकटा पुरत नाही. त्याला मदत म्हणून त्या दोन मोकळ्यांपैकी एक द्यावा लागतो. लाइनबॅकर दिला तर पाचवा हल्लेखोर गेला आणि मधला भागही गेला. स्टुअर्टला त्याच्या बाजूला सरकवलं तर तालिब आणि रोबीच्या मागे कोणी नाही. मग त्या दोघांना जास्त अंतर सोडून सावध उभं राहावं लागतं आणि बाहेरच्या सोप्या आखूड फेका मोकळ्या होतात. कमकुवतपणा स्लॉटमध्ये, आकडे मात्र बिघडतात बाहेरच्या कॉर्नरचे. क्वार्टरबॅकला पहिल्या नजरेतच मोकळा माणूस दिसला की चेंडू दोन सेकंदांत हातातून जातो, आणि मिलरसारखा हल्लेखोरही तिथवर पोचत नाही.

हॅरिस हे दोन मोकळे मोकळेच ठेवायचा. त्यातही एक बारकावा होता. दोनच रिसीव्हर असताना तो बाहेर, तालिबच्या विरुद्ध बाजूला खेळायचा. तिसरा रिसीव्हर आला की तो स्लॉटमध्ये सरकायचा आणि त्याची बाहेरची जागा रोबी घ्यायचा. बहुतेक संघांत स्लॉटचा खास माणूस असतो, तो बाहेर चालत नाही, त्यामुळे एक जखमी झाला की साखळी तुटते. डेन्व्हरला आपल्या तीन उत्तम कॉर्नरना त्यांना जमणाऱ्याच जागी उभं करता आलं, कारण त्यांतला एक दोन्ही जागा सारख्याच ताकदीने खेळत होता. तालिब ६ फूट १ इंचाचा, लांब हातांचा, बाहेर रेषेवर माणूस रोखण्यात पटाईत. त्याला आत यावंच लागलं नाही. तालिबचा खेळ त्या वर्षांत जो खुलला त्यात हॅरिसचा वाटा आहे, हे निःसंशय मांडायला हवं.

२०१५चा हंगाम

या हंगामाचं महत्त्व यासाठी, की डेन्व्हरचं आक्रमण तेव्हा दुबळं होतं. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षात होता; त्याच्या नावावर ९ टचडाउन पास आणि १७ इंटरसेप्शन. बाद फेरीआधीचे शेवटचे सात सामने त्याच्या जागी ब्रॉक ऑस्वायलरने सुरू केले. तरीही संघ १६पैकी १२ जिंकला. बचावाने सामन्यामागे सरासरी २८३.१ यार्ड दिले, पासवर १९९.६, दोन्ही लीगमध्ये सर्वांत कमी. क्वार्टरबॅकला चेंडूसह आडवं करण्याचे, म्हणजे सॅकचे, ५२ प्रसंग, तेही सर्वाधिक.

११ ऑक्टोबरला ओकलंडमध्ये डेन्व्हरच्या आक्रमणाला एकही टचडाउन जमला नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये ओकलंडचा क्वार्टरबॅक डेरेक कार याचा पास हॅरिसने पकडला आणि ७४ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. निकाल १६–१०. असे क्षण त्याने आधीही दिले होते. १६ डिसेंबर २०१२ला बॉल्टिमोर डेन्व्हरच्या गोलरेषेपासून चार यार्डांवर असताना, मध्यंतराच्या तोंडावर, त्याने बॉल्टिमोरच्या क्वार्टरबॅकचा, जो फ्लॅकोचा, पास घेऊन ९८ यार्ड परत आणला होता. १०–७ होऊ घातलेला फलक १७–० झाला. असे खेळ लक्षात राहतात, पण वर्षात एक-दोनच होतात.

त्याहून बोलका सामना १ नोव्हेंबर २०१५चा. ग्रीन बे पॅकर्स आणि डेन्व्हर, दोघेही सहा-सहा सामने अपराजित. समोर ॲरन रॉजर्स, पास मोडून पडला तरी पळता पळता नवा रचणारा. त्याला डेन्व्हरने २२पैकी १४ पास पूर्ण करू दिले, पण त्यांतून ७७ यार्ड. ग्रीन बेचं पूर्ण आक्रमण १४० यार्डांत संपलं, निकाल २९–१०. त्या सामन्याची फीत पाहताना चेंडू सोडून रॉजर्सच्या हेल्मेटकडे पाहावं. तो पहिल्या रिसीव्हरकडे पाहतो, मग आत, मग दुसऱ्या बाजूला, आणि चेंडू हातातच असतो. चेंडू सोडायला एवढा वेळ लागला की वेअर आणि मिलर पोचतात. सॅकची नोंद त्यांच्या नावावर होते, आणि ती योग्यच आहे. त्या जास्तीच्या अर्ध्या सेकंदाची नोंद मात्र कुणाच्याच नावावर होत नाही.

बाद फेरीत हॅरिस खांद्याच्या दुखापतीसह खेळला. एका हाताने नीट ठोसा देता येत नाही, टॅकल करताना तोच खांदा पुढे करता येत नाही; स्लॉटमध्ये हे दोन्ही अपंगत्व थेट उघडं पडतं. तरी २४ जानेवारी २०१६च्या सामन्यात न्यू इंग्लंडचा स्लॉटमधला मुख्य आधार जुलियन एडेलमनला ७ झेलांत ५३ यार्डच मिळाले. त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याचे ५६पैकी २७ पास पूर्ण झाले. शेवटचे काही सेकंद उरले असताना न्यू इंग्लंडचा बरोबरीसाठीचा दोन गुणांचा पास तालिबने हाताने वळवला आणि रोबीने पकडला: २०–१८. दोन आठवड्यांनी, ७ फेब्रुवारीला, पन्नासाव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, समोरचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन याला ४१पैकी १८ पासच जमले आणि डेन्व्हर २४–१० असं विजेतं ठरलं. सामनावीर मिलर.

जिथे हे गणित पुरत नाही

हॅरिसच्या गैरहजेरीला प्रत्येक पराभवाचं कारण ठरवणं चूक होईल. २ फेब्रुवारी २०१४च्या सुपर बोलमध्ये तो जखमी होता आणि डेन्व्हर ४३–८ असं हरलं; पण तिथे पहिल्याच स्नॅपला चेंडू मॅनिंगच्या मागे गेला, सॅन डिएगोविरुद्ध उघडा पडलेला बचाव नव्हे तर आक्रमणच कोसळलं. न्यू इंग्लंडविरुद्धही रॉब ग्रॉन्कोव्स्कीने ८ झेल, १४४ यार्ड आणि एक टचडाउन केला. ६ फूट ६ इंचाच्या टाइट एंडला उत्तर देणं वॉर्डचं आणि सेफ्टींचं काम होतं, आणि सामन्याअखेर वॉर्ड व स्टुअर्ट दोघेही जखमी होते. उंचीची मर्यादा हॅरिसलाही होतीच. गोलरेषेजवळ कोपऱ्यात वर टाकलेल्या फेकीला ५ फूट १० इंच कमी पडतात. तंत्राने ते अंशतःच भरून निघतं.

२०१८मध्ये परिस्थिती वेगळ्या बाजूने तपासून पाहता येते. तालिब त्याआधीच लॉस अँजेलिस रॅम्सकडे गेला होता. २ डिसेंबरला सिनसिनाटीविरुद्ध हॅरिसच्या पायाचं हाड मोडलं. तो सामना जिंकून डेन्व्हर ६–६ झालं आणि मग उरलेले चारही सामने हरलं. त्याच आठवड्यात मुख्य रिसीव्हर इमॅन्युएल सँडर्सही जखमी झाला होता, म्हणून चारही पराभव एकाच खात्यावर टाकता येत नाहीत. २०१९मध्ये नव्या प्रशिक्षकाखाली त्याला जास्त वेळ बाहेर ठेवलं, आणि त्याच्या वाट्याला मोठे झेल आले. त्याचं वय तीस झालं होतं हे खरं. पण त्याचा सर्वांत धारदार गुण, दोन्ही बाजूंना मोकळ्या रिसीव्हरला कमरेवरून वाचणं, बाहेर सीमारेषेजवळ अर्धाच कामाला येतो. संघाला बाहेर माणूस हवा होता म्हणून आतला माणूस बाहेर नेला, आणि दोन्ही जागा अर्ध्या झाल्या.

मोजायचं कसं

हॅरिसचे इंटरसेप्शन २०१४मध्ये ३, २०१५मध्ये २, २०१६मध्ये २. या रकान्यावरून त्याची निवड कुणी केली नसती. चांगल्या कॉर्नरच्या बाजूला फेकाच कमी येतात, त्यामुळे पकडण्याची संधीही कमी. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचं निर्धाव षटक निदान लिहिलं तरी जातं. इथे फेकलाच न गेलेला पास कुठेच लिहिला जात नाही.

म्हणून भाजक बदलावा लागतो. समजा दोन कॉर्नर, दोघेही ५५० पास-स्नॅपना मैदानात. पहिल्यावर १०० फेका, ९०० यार्ड, ५ इंटरसेप्शन. दुसऱ्यावर ६५ फेका, ४४० यार्ड, २ इंटरसेप्शन. बातम्यांत पहिला येतो. पण स्नॅपमागे यार्ड काढले तर पहिला १.६४, दुसरा ०.८. त्यानंतर तीन गोष्टी फीत पाहूनच तपासाव्या लागतात: त्या स्नॅपना त्याच्यामागे मदत होती का, तो स्लॉटमध्ये होता की बाहेर, आणि समोर संघाचा कितव्या दर्जाचा रिसीव्हर होता. मदतीशिवाय, स्लॉटमध्ये ०.८ आणि डोक्यावर सेफ्टी घेऊन बाहेर ०.८, यांत मोठी तफावत आहे. टीव्हीवरचा कॅमेरा चेंडूमागे जातो, म्हणून हे पाहायला बावीसही खेळाडू दिसणारी वरून घेतलेली फीत लागते. स्नॅप होताच खोल सेफ्टीचं पहिलं पाऊल कुठे पडतं ते बघावं. हॅरिसच्या बाजूकडे ते क्वचित पडायचं.

बाजाराने त्याची किंमत काय केली? मार्च २०१४मध्ये डेन्व्हरचा तालिबशी सहा वर्षांचा ५.७ कोटी डॉलरचा करार झाला. हॅरिस गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठ महिन्यांच्या आत हंगामाच्या पहिल्या सामन्यात परतला, सगळे सामने खेळला, आणि डिसेंबर २०१४मध्ये त्याने पाच वर्षांचे ४.२५ कोटी स्वीकारले. दीड वर्षही उलटलं नव्हतं तोच जॉश नॉर्मन या बाहेरच्या कॉर्नरला वॉशिंग्टनने पाच वर्षांचे ७.५ कोटी दिले. डेन्व्हरला वाचलेल्या रकमेतून बचावातली इतर माणसं टिकवायला जागा मिळाली, आणि हाही त्याच्या किमतीचाच एक भाग.

२०१६मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने वर्षाच्या सर्वोत्तम संघात दोन कॉर्नर आणि दोन सेफ्टींबरोबर पाचव्या बचावपटूसाठी स्वतंत्र जागा केली. त्या वर्षी कॉर्नरमध्ये तालिब निवडला गेला आणि या नव्या जागेवर पहिलं नाव लागलं ते हॅरिसचं. २०२०मध्ये गेल्या दशकाचा संघ जाहीर झाला तेव्हाही तो कॉर्नरच्या रांगेत नव्हता. टायरन मॅथ्यूसोबत, नुसत्या 'डिफेन्सिव्ह बॅक' या नोंदीखाली होता.